हातगुण

"मग इतके महिने हे बरोबर चाललं कसं?" सुरभीने असं विचारलं तेव्हा जितेश चहात बिस्कीट बुडवत होता. प्रश्न तिने कुणा एकाला विचारला नव्हता. भिंतीवरच्या पडद्याकडे बघत, स्वतःलाच विचारल्यासारखा विचारला होता. पण बिस्कीट वेळेवर बाहेर काढायचं राहिलं आणि अर्धं तुटून कपाच्या तळाशी गेलं. योगेंद्र सर हसले. "कसं म्हणजे? आमच्या जितेशचा हातगुण," ते म्हणाले. "आणि पुढे जे झालं तो तुमचा पायगुण, मॅडम." टेबलाभोवतीची सगळी माणसं हसली. सुरभी हसली नाही. जितेश हसला.

फार नाही, दात दिसतील न दिसतील इतकंच. पण ते हसू नंतर तोंडावरून जाईना. बैठक संपली, लोक आपापल्या खुर्चीवर गेले, त्याने बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, तरी गाल ओढल्यासारखे राहिले होते. सर थट्टेत बोलले होते खरे, पण बोलले ते अक्षरशः तसंच घडलं होतं, आणि हे त्या खोलीत एका जितेशलाच ठाऊक होतं. थट्टेखाली लपायला इतकी ऐसपैस जागा असते हे त्याला आजवर कळलं नव्हतं. लपलेल्या माणसाला तिथे गुदमरायला होतं, हेही कळलं नव्हतं.

कर्जतच्या बाजारात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. कर्जत-खालापूरकडे डायलिसिसची केंद्रं चालवणाऱ्या एका ट्रस्टचं संगणकाचं काम त्यांच्याकडे होतं. उद्या कुणाची पाळी, न्यायला गाडी कुठल्या फाट्यावर किती वाजता येणार, हे आदल्या संध्याकाळी पेशंटच्या फोनवर मेसेजने जायचं. शनिवारी सुरभीने ही सगळी यंत्रणा अद्ययावत केली. रविवारी केंद्रांना सुट्टी, म्हणून सोमवारच्या पाळ्यांचे मेसेज तिने बदल करण्याआधीच गेले होते. सोमवारी संध्याकाळी जे मेसेज गेले त्यांत प्रत्येक वेळ साडेपाच तास अलीकडची होती. ज्यांना शंका आली त्यांनी फोन करून विचारलं, काही जण वाट बघून घरी परतले. चौक गावाजवळच्या एका फाट्यावर मात्र अंबाबाई नावाची म्हातारी, बाराची गाडी असताना, मंगळवारी सकाळी साडेसहाला जाऊन उभी राहिली. ऑक्टोबरचं ऊन, फाट्यावर झाड नाही. गाडी यायच्या आधीच ती चक्कर येऊन पडली, तिची पाळी हुकली, संध्याकाळपर्यंत श्वास लागला आणि तिला पनवेलच्या दवाखान्यात न्यावं लागलं. आता ती घरी होती. ट्रस्टचे लोक मात्र शांत व्हायला तयार नव्हते, आणि त्यांना कुणाचं तरी नाव हवं होतं.

साडेपाच तास म्हणजे काय हे ओळखायला सुरभीला वेळ लागला नाही. ग्रीनिचचं, म्हणजे जगाचं प्रमाण घड्याळ आणि आपलं घड्याळ यांतलं ते अंतर. मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम ज्या कंटेनरमध्ये चालतो त्याच्या इमेजमध्ये भारताची वेळ कधी घातलेलीच नव्हती. तिने ती घातली, नवा कंटेनर उभा केला, दुसऱ्या दिवसापासून मेसेज ठीक जाऊ लागले. राहिला तो तिचा सकाळचा प्रश्न. इमेजमध्ये वेळ नव्हतीच, तर शनिवारपर्यंत घड्याळ बरोबर कसं होतं? जुना कंटेनर तर गेला. गेलेल्या कंटेनरचा पंचनामा होत नाही.

हे काम समजावून सांगायचं झालं की जितेश नेहमी पेणच्या गणपतींवर यायचा. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे त्यातून निघालेली मूर्ती. एखाद्या मूर्तीचं नाक बसकं आलं आणि तुम्ही बोटाने ते वर केलंत, तर ती एक मूर्ती सुधारते. तिचं विसर्जन झालं की साच्यातून पुढची निघते ती पुन्हा बसक्या नाकाचीच. म्हणून चालत्या कंटेनरला हात लावायचा नाही, बदल करायचा तो साच्यात. नवीन लागलेल्या प्रत्येकाला त्याने हे शिकवलं होतं. सुरभीलाही शिकवायला गेला होता, तर ती म्हणाली होती, "हो दादा, माहितीय," आणि मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "पण गणपतीचं छान आहे."

ती पावसाळ्यात लागली. कर्जतच्याच एका मास्तरांची मुलगी, पुण्याची नोकरी सोडून आई-वडिलांसाठी परत आलेली. तिचं वेड एकच, सगळं ताजं पाहिजे. कुबरनेटीस म्हणजे हे सारे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा. ती काय, इमेज तपासणारं अवजार काय, सगळं ओपन सोर्स, जगभरच्या लोकांनी बनवून कुणालाही वापरायला मोकळं ठेवलेलं. ट्रस्टकडे विकतच्या गोष्टींना पैसे नव्हते आणि त्याची गरजही नाही, असं ती म्हणायची. फुकट मिळतं त्याची निगा तेवढी राखावी लागते. तिच्या तपासणीत एक मोठं भोक सापडलं. यंत्रणेच्या जुन्या आवृत्तीतून कुणीही बाहेरचा आत शिरून पेशंटांची सगळी माहिती उचलू शकला असता. नवी आवृत्ती आली होती, तिच्यासोबतच्या टिपणात दूरच्या देशातल्या कुणीतरी लिहिलं होतं की ही चूक माझ्याच बदलामुळे शिरली, माफ करा, दुरुस्त केली आहे. खाली त्याचं नाव. सुरभीने ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "किती सरळ लिहितात बघा," ती म्हणाली होती. मग शनिवारच्या आधी तिने एकेकाच्या टेबलाशी जाऊन विचारलं, कुणी चालत्या कंटेनरमध्ये हाताने काही केलंय का? असेल तर सांगा, मी साच्यात घालते, कुणाला कळणारही नाही. जितेशच्या टेबलाशी ती थांबली, तेव्हा तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला होता, "माझं काही नाही."

तेव्हा त्याला आठवलं नव्हतं, की त्याने आठवू दिलं नव्हतं? मंगळवारपासून तो हेच उकरत होता. उन्हाळ्यातली ती दुपार त्याला आता लख्ख दिसत होती, पंख्याच्या आवाजासकट. यंत्रणा नवी उभी केलेली, पहिलेच मेसेज चुकीच्या वेळेचे, ट्रस्टच्या माणसाचा फोन कानाला लावून योगेंद्र सर पाठीशी उभे. साचा बदलून, तपासून, नवा कंटेनर उभा करायला तास-दीड तास गेला असता. जितेश सरळ चालत्या कंटेनरच्या आत शिरला, भारताच्या वेळेची फाईल आत ठेवली, प्रोग्रॅम आतल्या आत पुन्हा चालू केला. घड्याळ सुधारलं. सरांनी खांद्यावर थाप मारली. "याच्या हाताला गुण आहे," ते फोनवरच्या माणसाला म्हणाले, आणि ते शब्द जितेशला अंगावर नवा सदरा चढवावा तसे बसले. साच्यात उद्या घालू, असं त्याने ठरवलं होतं. उद्या दुसरं काहीतरी निघालं. मग तो कंटेनर बंदच पडेना, महिन्यांमागून महिने चालत राहिला, आणि ऑफिसात त्याचं कौतुक होऊ लागलं. जितेशने उभा केलेला, अजून ठणठणीत. अशा कौतुकाच्या मध्येच कोण सांगणार की त्याला आतून ठिगळ आहे? आणि न सांगितलेली गोष्ट हळूहळू न घडल्यासारखी होत जाते. तिला कुणी विसर पडला म्हणतं. त्याला आता तसं म्हणवत नव्हतं.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सुरभीला संध्याकाळी सांगणार होते की उद्यापासून येऊ नका. ती अजून पक्की झालेली नव्हती, त्यामुळे सोपं होतं. "आधी चालत होतं, हिने हात लावला, बिघडलं. यात शोधायचंय काय?" सर म्हणाले. "आणि आता ते अपडेट-बिपडेट बंद. चालत्या गाडीला खीळ नको." जितेश म्हणाला, "ते भोक फार वाईट होतं, सर." तेवढं म्हणाला. सर म्हणाले, "असेल. तू तिकडचाच ना? जरा चौकला जाऊन ये. म्हातारीला फळं दे, घरच्यांना सांग, मुलगी नवीन होती, चुकलं तिच्याकडून, काढलं तिला. लोकांना तेवढं पुरतं." जितेशने मान हलवली. मान हलवताना आपल्याला काही वाटत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याची त्याला भीती वाटली.

जिना उतरताना सुरभी खालून वर येत होती. हातात डबा होता. "चौकला चाललात?" तिने विचारलं. "माझ्याकडून सॉरी सांगा, दादा. मी स्वतःच येणार होते, सर नको म्हणाले." तो भिंतीला लागून उभा राहिला आणि तिला वाट दिली.

बाजारातून त्याने मोसंबी घेतली आणि गाडी भिसेगावच्या आपल्या घरावरून न थांबता चौकच्या रस्त्याला लावली. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं, कुठे कुठे कापणी लागली होती. या रस्त्याने जाताना त्याला वडील आठवतातच. भिवाजी शेतकरी, पण पंचक्रोशीत नाव होतं ते हाड बसवण्यासाठी. मुरगळलेला पाय, निखळलेलं कोपर घेऊन माणसं अंगणात येऊन बसत. बाप तेल लावून हात फिरवायचा, बोलता बोलता एक हिसका द्यायचा, माणूस ओरडायचा आणि मग हसायचा. हाताला गुण आहे भिवाजीच्या, असं म्हणत जायचा. जितेशला त्या माणसांपेक्षा सदूच जास्त आठवतो. झाडावरून पडलेल्या सदूचं कोपर बापाने बसवलं आणि ते वाकडं राहिलं, जन्माचं. पण सदू कुणालाही सांगायचा, "भिवाजीतात्याची चूक नाय, म्याच पट्टी लवकर सोडली." त्याने पट्टी लवकर सोडली नव्हती. ती जितेशच्या डोळ्यांदेखत बापानेच सोडली होती, आणि सोडल्यावर ते कोपर पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं होतं. त्यानंतर शेतावर जाताना लांबून सदू दिसला की बाप बांध बदलायचा, चिखलातून लांबच्या वाटेने जायचा. जितेश लहान होता, त्याला वाटायचं बापाला मासे बघायचे असतात. ज्याच्या हाताला गुण आहे असं एकदा ठरलं, त्याच्या हातून बिघडलेलं लोक स्वतःच्या माथी घेतात. बापाने ते घेऊ दिलं. ते बापाला जड गेलं असणार, पण म्हणून सदूचं कोपर काही सरळ झालं नाही.

अंबाबाईचं घर फाट्यापासून आत होतं. पडवीत लोखंडी खाटेवर ती बसली होती, उजवा पाय उशीवर, घोटा सुजून टम्म. सून दारात तांदूळ निवडत होती. तिनेच नाव सांगितलं, छाया. जितेशने फळांची पिशवी ठेवली, मेसेज जातात त्या ऑफिसातून आलो म्हणाला. म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली.

"कुनाचा रं तू?"

"भिवाजीचा. हाड बसवायचे ते."

"अगं बया. भिवाजीचा पोर तू." तिचा चेहरा उजळला. "तुझ्या बापानं माझा खांदा बसवलेला. लगीन व्हायच्या आधी. देवमानूस व्हता." मग तिने पाय किंचित पुढे केला. "बघ रं जरा. डाक्टर बोलतो हाड मोडलं नाय, पन ठणका जात नाय."

"आजी, मला त्यातलं काही येत नाही. मी कंप्युटरवर काम करतो."

"येत नाय तर नाय. नुस्ता हात ठेव. घराण्याचा गुण असतोच."

नाही कसं म्हणायचं ते त्याला कळेना. तो खाली जमिनीवर बसला आणि त्याने तिच्या घोट्यावर हात ठेवला. कातडी गरम आणि ताणलेली होती. टाचेला फाट्यावरची खडी लागून सोललेलं दिसत होतं. त्याचा हात हलेना. म्हातारीने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, आपला हात आता काहीतरी बोलेल, तिला त्यातून कळेल, ती पाय ओढून घेईल. तसं काही झालं नाही. उलट तिने एक लांब श्वास सोडला.

"माझंच चुकलं रं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "गाडी रोजची बाराची. मला अक्कल नको? पन हिनं वाचलं साडेसहा, आनि मी गेले. घाईची हाय ती. पोरगा लई बोलला तिला, मी बोलले नाय, पन तो बोलला."

दारातला सुपाचा आवाज थांबला. छाया उठली, आत गेली आणि फोन घेऊन आली. तिने तो जितेशच्या डोळ्यांसमोर धरला. "दादा, तुमी वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

मेसेज तिने जपून ठेवला होता. जितेशने वाचला. "गाडी सकाळी साडेसहा वाजता येईल."

"साडेसहाच हाय ना?"

"साडेसहाच हाय," तो म्हणाला. ऑफिसात पुसून गेलेली गावची बोली आपोआप तोंडात आली. "आजी, वैनींनी बरोबर वाचलं. चूक मेसेजातच व्हती."

म्हातारीने डोळे उघडले. "मंग मेसेजात कशी आली?"

सकाळचाच प्रश्न, दुसऱ्या बाजूने. आणि त्याचं उत्तर तर सरांनी तयार करून बरोबर दिलं होतं, पिशवीतल्या मोसंब्यांसारखं, नुसतं काढून ठेवायचं. ते आपण काढणार नाही असं जितेशला वाटत होतं. तोंडाने मात्र सुरुवात केली. "आमच्याकडं एक मुलगी नवीन हाय," तो म्हणाला.

"म्हंजे तिकडं बी बाईच," छाया म्हणाली. रागाने नाही, तिने फोन पदराला पुसला आणि ती पुन्हा सुपाशी जाऊन बसली.

जितेशचा हात घोट्यावरच होता. त्याला एकदम इतकी शरम वाटली की कानांत रक्त वाजायला लागलं. बाप निदान बांध बदलायचा. आपण तर बांधावर उभं राहून दुसऱ्याचं नाव सांगायला आलो, फळं घेऊन. "नाय वैनी," तो म्हणाला, "नाय. ती नाय. ती मुलगी चांगली हाय, तिनं तर सुधारलं. चूक माझी. उन्हाळ्यात माझ्या हातनं झाली, मी लपवली. आजी, तुमी माझ्यामुळं पडलात."

छाया सूप तसंच धरून बघत राहिली. त्याने हात उचलायला घेतला तर म्हातारीने त्याचं मनगट धरलं. डायलिसिसच्या सुया टोचतात त्या तिच्या हातातली शीर दोरासारखी फुगलेली होती, आणि तिची बारीक थरथर त्याच्या मनगटाला लागत होती.

"हात काढू नको," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तो तसाच बसून राहिला, तिने सोडेपर्यंत. निघताना छायाने त्याला पाणी दिलं. तांब्या परत घेताना ती हळू म्हणाली, "संध्याकाळी हे येतील घरी. यांना फोन करून सांगाल का तुमी? माझं नाय ऐकनार." त्याने तिच्या नवऱ्याचा नंबर घेतला, सांगतो म्हणाला, आणि ते आता पहिलं काम नाही हे त्याला कळलं.

फाट्यावर येऊन त्याने गाडी बंद केली. दुपार कलली होती तरी डांबर तापलेलं होतं. म्हातारी इथेच कुठेतरी उभी राहिली असेल, पिशवी धरून, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत. टेंपो जात होते, रिक्षावाला थांबून कुठे जायचं विचारून गेला. त्या बाईने इतक्या वेळात एकदाही फोन का केला नाही? कारण मेसेज आला होता. कुणीतरी वेळ दिली होती, म्हणजे गाडी येणारच, असं तिने धरलं होतं. त्याने सुरभीला फोन लावला.

"सकाळी तू विचारलंस ना, इतके महिने चाललं कसं."

"हो."

"मी चालवलं. वेळेची फाईल मी हाताने आत ठेवली होती. साच्यात घातली नाही. सर म्हणाले ते खरंच होतं. हातगुणच होता."

ती म्हणाली, "मी आधी विचारलं होतं तुम्हाला. टेबलाशी येऊन."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"आणि सकाळी हसलात."

याला मात्र त्याला हो म्हणता येईना. समोरून एक एसटी गेली, तिची धूळ अंगावर आली, त्याने डोळे मिटले. तिच्या आवाजात राग असता तर त्याला धरायला काही मिळालं असतं. तिला फक्त ते समजून घ्यायचं होतं, जसं त्या घड्याळाचं घ्यायचं होतं.

"उद्या सगळ्यांसमोर सांगतो," तो शेवटी म्हणाला. "या वेळी टाळत नाही." बोलता बोलताच त्याला आपला तो उन्हाळ्यातला उद्या ऐकू आला.

तिलाही आला असावा. "सर मला आत बोलवायलाच आलेत," ती म्हणाली. "सगळे इथेच आहेत. मी स्पीकरवर टाकते."

नको म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर खटका झाला आणि ऑफिसची सगळी खोली एकदम त्याच्या कानाशी आली, खुर्च्यांची करकर, कुणाचा तरी खोकला. "काय रे," योगेंद्र सरांचा मोठा आवाज आला, "लावलास का हात म्हातारीला? झाली का बरी?" मागोमाग सगळी माणसं हसली. सकाळी हसली होती तशीच. आपल्या हसण्याविना ते कसं ऐकू येतं, हे जितेशला पहिल्यांदाच कळत होतं.

त्याने हसणं संपू दिलं.

"सर," तो म्हणाला, "सुरभीनं सकाळी एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."